एका विद्यापीठाचे मैदान

विद्यापीठ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? उंच घुमटाची इमारत, ग्रंथांनी भरलेली कपाटे, प्रयोगशाळेतील काचपात्रे, काळे झगे घालून पदव्या स्वीकारणारे स्नातक, आणि या सर्वांवर पसरलेली एक गंभीर शांतता. या चित्रात मैदान असलेच तर ते एखाद्या कोपऱ्यात असते. जणू चित्रकाराकडे थोडा हिरवा रंग उरला होता म्हणून त्याने ते काढले. आमच्या या हिंदी मुलखात तर लिहिणारा-वाचणारा नवाब होतो आणि खेळणारा-बागडणारा वाया जातो, अशा अर्थाची म्हण पोरासोरांच्याही तोंडी असते. मराठी मंडळी जेथे जेथे गेली तेथे तेथे त्यांनी मारुतीच्या देवळाशेजारी तालीम बांधली, मुलांना संध्येबरोबर सूर्यनमस्कारही शिकविले, हे खरे. परंतु परीक्षेचा महिना जवळ आला की मराठी घरातही पहिली गदा येते ती खेळावरच!

मग विद्या आणि मैदान यांचे नाते तरी काय? खेळ हा विद्येचा अलंकार आहे, शत्रू आहे, की तिचेच एक अंग आहे? या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्काने करण्यापेक्षा एखाद्या संस्थेच्या इतिहासातून करावा, असे मला एका इतिहासाच्या शिक्षकाच्या सवयीने वाटते. काही वर्षांपूर्वी मुलीकडे राहण्याच्या निमित्ताने मला अमेरिकेतील ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबस शहरी, काही महिने काढण्याचा योग आला. तेथे ओहायो राज्य विद्यापीठ आहे. हाती वेळ भरपूर होता. तेव्हा त्या विद्यापीठाचा इतिहास वाचण्याचा मला छंदच जडला. तो इतिहास जितका अभिमानास्पद तितकाच कोठे कोठे खाली मान घालावयास लावणारा आहे. म्हणूनच तो तुम्हा विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावासा वाटतो.

या विद्यापीठाचे मूळ शोधू गेल्यास आपण एका रणधुमाळीत जाऊन पोहोचतो. १८६२ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. राष्ट्र टिकते की दुभंगते याचीच शाश्वती नव्हती. अशा वेळी, २ जुलै १८६२ रोजी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. व्हरमाँट राज्याचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांनी तो मांडलेला असल्यामुळे तो 'मॉरिल कायदा' या नावाने ओळखला जातो. त्याअन्वये प्रत्येक राज्याला, त्याच्या काँग्रेसमधील दर प्रतिनिधीमागे व सिनेटरमागे ३०,००० एकर, या हिशेबाने सरकारी जमीन मिळावयाची होती. त्या जमिनीच्या विक्रीतून निधी उभारून त्यावर राज्याने एक तरी महाविद्यालय चालवावे, व तेथे शेती आणि यंत्रविद्या यांचे शिक्षण द्यावे. मात्र इतर शास्त्रे व अभिजात विद्या वर्ज्य करू नयेत, अशी ती योजना होती. तोवर उच्च शिक्षण हे बहुतांशी धर्मोपदेशक, वकील आणि सधन घरांतील मुले यांच्यासाठीच असे. शेतकऱ्याच्या आणि लोहाराच्या मुलालाही विद्यापीठाची पायरी चढता यावी, हा या कायद्याचा थोर हेतू होता. तथापि जी जमीन वाटली गेली ती बव्हंशी तेथील मूळ रहिवाशांकडून कधी तहाने, कधी बळाने घेतलेली होती, हेही इतिहासाने विसरू नये. एकाची पाटी भरताना दुसऱ्याची पुसली जाते, असे इतिहासात पुष्कळदा घडते.

या निधीतून १८७० साली 'ओहायो शेतकी व यांत्रिकी महाविद्यालय' स्थापन झाले. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रदरफर्ड हेज यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. पुढे हेच हेज अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रारंभीच मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, येथे फक्त नांगर आणि यंत्र शिकवा, लॅटिन-ग्रीक कशाला? दुसरा पक्ष म्हणे, शेतकऱ्याच्या मुलाने काव्यशास्त्र शिकू नये असे कोणी ठरविले? अखेरीस व्यापक शिक्षणाचा पक्ष विजयी झाला. १७ सप्टेंबर १८७३ रोजी शहराच्या उत्तरेस, एका शेताच्या जागेवर, केवळ २४ विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. १८७८ साली सहा जणांची पहिली तुकडी पदवीधर झाली, आणि त्याच वर्षी संस्थेने 'ओहायो राज्य विद्यापीठ' हे नाव धारण केले. पुढच्याच वर्षी एका विद्यार्थिनीला तेथील पदवी मिळाली. आज पन्नास-साठ हजार विद्यार्थ्यांचा संसार चालविणाऱ्या या विद्यापीठाचा पहिला हजेरीपट आपल्या एखाद्या वर्गाच्या हजेरीपटाहूनही लहान होता, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

या शेतकी वारशाचा एक धागा आपल्या देशापर्यंत आला आहे. १९६२ साली लुधियाना येथे पंजाब कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या उभारणीत ओहायोच्या प्राध्यापकांनी हातभार लावला होता. लुधियानाहून कोलंबसला गेलेले डॉ. रतन लाल हे पुढे मातीच्या आरोग्याचे जगन्मान्य अभ्यासक झाले, आणि २०२० साली त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. विद्यापीठाची खरी पुण्याई कशात असते हे अशा उदाहरणांवरून कळते.

आता मैदानाकडे वळू. खेळ या विद्यापीठात वरून आला नाही. तो विद्यार्थ्यांनी आपल्या हौसेने आणला. ३ मे १८९० रोजी जवळच्या डेलावेअर गावी जाऊन ओहायोच्या मुलांनी आपला पहिला फुटबॉल सामना खेळला आणि २० विरुद्ध १४ गुणांनी जिंकला. येथे फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल समजू नये. अमेरिकेतील या खेळात चेंडू लांबट असतो, तो हातात धरून धावावयाचे असते, आणि अडविणाऱ्यांशी अंगाची झोंबाझोंबी करीत पुढे सरकावयाचे असते. आपली कबड्डी आणि लढाई यांचे मिश्रण म्हटले तरी चालेल. १९१२ साली हे विद्यापीठ पश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडासंघात सामील झाले. त्यानंतर चिक हार्ले नावाचा एक खेळाडू उदयास आला. तो त्याच शहरातील शाळेत वाढलेला. १९१६ आणि १९१७ या दोन्ही वर्षी ओहायोचा संघ अजिंक्य राहिला. महायुद्धाहून परतून १९१९ साली तो पुन्हा खेळला, तेव्हा मिशिगन विद्यापीठावर ओहायोला आपला पहिला विजय मिळाला. त्याचा खेळ पाहण्यासाठी इतकी गर्दी लोटू लागली की रस्त्याकडेचे जुने मैदान अपुरे पडले.

नव्या क्रीडागाराची कल्पना ज्यांनी हिरिरीने मांडली त्यांत टॉमस फ्रेंच हे प्रमुख होते. हे गृहस्थ कोणी पहिलवान नव्हते. ते अभियांत्रिकी चित्रकलेचे प्राध्यापक होते! आराखडा केला तो याच विद्यापीठात शिकलेल्या हॉवर्ड ड्वाइट स्मिथ या वास्तुशिल्पज्ञाने. १९२० साली दहा लाख डॉलर वर्गणी जमविण्याची मोहीम निघाली, आणि नागरिकांनी ती उचलून धरली. ओलेंटँजी नदीच्या काठी, घोड्याच्या नालेच्या आकाराचे, ६६ हजार लोक बसतील असे काँक्रीटचे प्रचंड बांधकाम १९२२ साली पुरे झाले. एवढी आसने भरणार तरी कशी, असे म्हणून हसणारेही थोडे नव्हते. २१ ऑक्टोबर १९२२ रोजी त्याचा समर्पण-समारंभ झाला, आणि गंमत अशी की त्या दिवशीच्या सामन्यात मिशिगनने यजमानांना १९ विरुद्ध शून्य गुणांनी लोळविले. परंतु गर्दी ओसरली नाही. आज त्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक लोक बसतात.

सामना नसलेल्या एका दिवशी मी ते पाहावयास गेलो होतो. उत्तरेकडील प्रवेशद्वाराची अर्धघुमटाकार कमान रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिरावरून घेतली आहे. तिच्या आतल्या निळ्या चौकटींत पिवळी फुले रंगविली आहेत. खाली उभे राहून वर पाहताना मनात आले की हे देऊळच आहे. प्रश्न एवढाच, की येथे पूजा कोणाची होते? बळाची, पैशाची, की माणसाची? या प्रश्नाचे उत्तर त्या वास्तूच्या इतिहासात एका ठिकाणी मिळत नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी मिळते, आणि ते तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

त्यांतील एक तुकडा फार गोड आहे. १९३३ साली अमेरिकेत भीषण मंदी होती. घरोघरी बेकारी, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण सोडून परत जाण्याची पाळी आलेली. अशा वेळी विद्यापीठाने क्रीडागाराच्या एका बुरुजात गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. आपले काम आपण वाटून करावयाचे आणि थोड्या खर्चात राहावयाचे, अशी तेथील व्यवस्था होती. ज्या बैठकींवर शनिवारी हजारो लोक आरोळ्या ठोकीत, त्यांच्याच पोटात सोमवारी मुले अभ्यास करीत बसत. हे वसतिगृह साठाहून अधिक वर्षे टिकले. मैदानाने विद्येला आपल्या पोटात जागा दिली, याहून सुंदर दृष्टान्त मला तरी ठाऊक नाही.

परंतु त्याच १९३३ सालचा दुसरा तुकडा कडू आहे. डोरिस वीव्हर ही निग्रो वंशाची विद्यार्थिनी तेथे गृहशास्त्र शिकत होती. त्या अभ्यासक्रमात इतर मुलींसह एका घरात राहून गृहव्यवस्थेचे प्रात्यक्षिक करावे लागे. गोऱ्या मुलींबरोबर तिला तेथे राहू देण्यास विद्यापीठाने नकार दिला. ती न्यायालयात गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो विद्यापीठाच्या बाजूने! ज्या संस्थेचा जन्मच मुळी वंचितांना दार उघडण्यासाठी झाला होता, त्या संस्थेने आतल्या खोलीचे दार असे लावून घेतले.

आणि याच १९३३ सालच्या शरद ऋतूत त्या विद्यापीठात एक वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण दाखल झाला. त्याचे नाव जेसी ओवेन्स. तो १२ सप्टेंबर १९१३ रोजी अलाबामा राज्यातील ओकव्हिल गावी, खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मला. नऊ वर्षांचा असताना त्याचे कुटुंब पोट भरण्यासाठी ओहायोतील क्लीव्हलंड शहरी आले. घरी त्याला 'जे. सी.' म्हणत, शाळेतल्या बाईंना त्याचा दक्षिणी उच्चार नीट कळला नाही आणि त्यांनी पटावर 'जेसी' असे लिहून घेतले. तेच नाव पुढे जगाने पाठ केले. शाळा सुटल्यावर तो जोडे दुरुस्तीच्या दुकानात काम करी, त्यामुळे सायंकाळच्या सरावाला त्याला येता येत नसे. चार्ल्स रायली या त्याच्या व्यायामशिक्षकांनी काय करावे? त्यांनी शाळा भरण्यापूर्वी, सकाळी, त्या एकट्यासाठी मैदानावर येण्यास आरंभ केला. शिक्षकाचे मोठेपण याहून निराळे काय असते? उत्तरेकडील सर्व पराक्रमांचा पाया त्या सकाळींनी घातला, असे मी मानतो.

विद्यापीठात ओवेन्सला क्रीडाशिष्यवृत्ती नव्हती. राज्याच्या विधानभवनात तो मालाची लिफ्ट चालवी आणि फीचे पैसे उभे करी. विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहात कृष्णवर्णीयांना थारा नव्हता. म्हणून तो आपल्यासारख्याच काही मुलांबरोबर बाहेर खोली घेऊन राही. बाहेरगावी सामन्याला गेल्यावर संघातील गोरे सोबती ज्या खाणावळीत जेवत तेथे त्याला पुष्कळदा प्रवेश नसे. असे असूनही लॅरी स्नायडर या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्याने आपली धाव अशी घोटली की धावताना त्याचा पाय भूमीला लागतो की नाही असा संशय यावा.

२५ मे १९३५ हा दिवस क्रीडाजगताने सुवर्णाक्षरांनी लिहावा असा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर पश्चिमी संघाच्या स्पर्धा होत्या. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे ओवेन्सची पाठ इतकी दुखावली होती की त्याला वाकणेही कठीण जात होते. स्पर्धेतून माघार घ्यावी असा विचारही झाला. सव्वातीन वाजता तो १०० यार्डांच्या शर्यतीस उभा राहिला आणि ९.४ सेकंदांत ती पुरी करून त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्यानंतर दहाच मिनिटांनी तो लांब उडीच्या खड्ड्याकडे गेला. त्याने एकच उडी मारली: २६ फूट ८¼ इंच, म्हणजे ८.१३ मीटर! जपानच्या चूहेइ नाम्बूचा ७.९८ मीटरांचा विक्रम मागे पडला, आणि हा नवा विक्रम पुढे २५ वर्षे, १९६० सालापर्यंत, कोणालाही मोडता आला नाही. नंतर २२० यार्डांची शर्यत २०.३ सेकंदांत, आणि चार वाजता त्याच अंतराची अडथळ्यांची शर्यत २२.६ सेकंदांत. ही दोन्हीही नवे जागतिक विक्रमच. सव्वातीन ते चार, अवघी ४५ मिनिटे! आपल्या शाळेतील एका तासाचा हा अवधी. गणिताचा तास संपता संपत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी या ४५ मिनिटांचे स्मरण करावे.

पुढील वर्षी बर्लिनचे ऑलिंपिक. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती, आणि आर्यवंशाच्या श्रेष्ठत्वाचे नगारे वाजत होते. १९३६ च्या ऑगस्टमध्ये ओवेन्सने १०० मीटर, लांब उडी, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली; त्या नगाऱ्यांना त्याच्या पावलांनी परस्पर उत्तर मिळाले. लांब उडीत त्याचा प्रतिस्पर्धी जर्मनीचा लुट्झ लाँग होता. पराभूत होताच त्याने सर्वांदेखत ओवेन्सचे अभिनंदन केले आणि दोघे हातात हात घालून मैदानावरून चालत गेले. पुढे लाँग १९४३ साली सिसिलीच्या लढाईत कामी आला. त्या दिवशीचे ते हस्तांदोलन मात्र अजून जिवंत आहे.

त्याच बर्लिनमध्ये, त्याच दिवसांत, आपलीही माणसे होती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीची व भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या हॉकी संघाने जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव केला. त्या संघात ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंह होते. ते शिंदे सरकारच्या फौजेत नोकरीस होते आणि आपल्या ग्वाल्हेरलाच त्यांचे आयुष्य गेले. आपण ज्यांच्या नावाच्या क्रीडागारावरून येता-जाता वळतो, त्या कॅप्टन रूपसिंहांनी आणि जेसी ओवेन्सने एकाच ऑगस्टमध्ये एकाच नगरीत सुवर्णपदके मिळविली, हा विचार मनात आला की कोलंबस मला काही दूर वाटत नाही.

मायदेशी परतल्यावर न्यू यॉर्कने ओवेन्सची मिरवणूक काढली, कागदी फिती उधळल्या. त्यानंतर त्याच्या सत्कारार्थ ज्या हॉटेलात समारंभ होता तेथे वर जाण्यासाठी मात्र त्याला मालाची लिफ्ट दाखविण्यात आली. विद्यार्थी असताना जी चालवून त्याने फी भरली, जगज्जेता होऊनही त्याच प्रकारच्या लिफ्टने त्याने चढावे! राष्ट्राध्यक्षांकडून बोलावणेही आले नाही. पोटासाठी त्याला पुढे घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. १९४० साली तो पदवी पुरी करण्याच्या इच्छेने विद्यापीठात परत आला; परंतु अभ्यासाचा तुटलेला धागा जुळला नाही, आणि अखेर त्याला ते सोडावे लागले. विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७२ साली. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ३१ मार्च १९८० रोजी तो निवर्तला. आज त्या विद्यापीठातील धावण्याच्या क्रीडागाराला त्याचे नाव आहे. ज्याला झोपावयास खाट दिली नाही त्याच्या नावाने पुढे क्रीडागार उभारले! संस्था शहाण्या होतात, पण फार सावकाश होतात. आणि त्या सावकाशीची किंमत कोणी तरी आपल्या तारुण्याने भरलेली असते.

ओवेन्सच्या मागून या विद्यापीठाची क्रीडाकीर्ती चढतच गेली. माइक पेपी यांनी १९३१ ते १९६३ पर्यंत जलतरणाचे शिक्षण देऊन ११ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. १९६० साली बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद आले. फुटबॉलमध्ये १९४२ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद या विद्यापीठाने आपल्या नावे नोंदविले आहे. जे खेळाडू राष्ट्रीय कीर्तीस पोहोचतात, त्यांच्या नावाने बकाय या ओहायोच्या आवडत्या वृक्षाचे एकेक रोप लावण्याची प्रथा १९३४ साली तेथे सुरू झाली. पुतळ्यापेक्षा झाड बरे, असे मला वाटले. पुतळ्याला सावली नसते.

पण कीर्ती वाढू लागली की तिला लगाम घालण्याची वेळ येते. १९६१ साली फुटबॉल संघ आपल्या क्रीडासंघात पहिला आला आणि कॅलिफोर्नियातील प्रसिद्ध 'रोझ बाऊल' सामन्याचे निमंत्रण आले. तेव्हा प्राध्यापकांच्या सभेने मतदान करून, २८ विरुद्ध २५ मतांनी, संघ पाठवू नये असे ठरविले! आपले विद्यापीठ विद्येपेक्षा चेंडूसाठीच अधिक ओळखले जाऊ लागले आहे, अशी त्यांची खंत होती. विद्यार्थी रस्त्यांवर उतरले, शहर संतापले. परंतु संघ गेला नाही. त्या वेळी मार्गदर्शक असलेले वूडी हेज निर्णयाने व्यथित झाले, तरी तो निर्णय घेण्याचा प्राध्यापकांचा हक्क त्यांनी मान्य केला. याच हेज यांनी २८ हंगामांत दोनशेहून अधिक सामने जिंकून दिले. आणि १९७८ च्या डिसेंबरात सामना हातचा जात असता रागाच्या भरात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूवर हात उगारला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना दुसऱ्याच दिवशी कामावरून दूर केले. विजयांची संख्या पाहून अपराध माफ झाला नाही. त्या दोन निर्णयांबद्दल माझ्या मनात त्या विद्यापीठाविषयी जो आदर आहे तो नऊ अजिंक्यपदांमुळे नाही.

मुलींची कथा याहून वेगळी नाही. विद्यापीठात त्या आरंभापासून होत्या, पण मैदानावर त्यांना हौसेपुरतीच जागा होती. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत असा कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये. या एका वाक्याने मैदानांची कुलपे उघडली. ओहायोच्या मुलींनी तालबद्ध जलतरणात तीसहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, आणि बर्फावरील हॉकीत २०२२ व २०२४ साली राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. आज तेथे मुलामुलींचे मिळून ३६ संघ आहेत. संधी मिळण्यापूर्वी 'मुलींना हे जमणार नाही' असे म्हणणारे लोक संधी मिळाल्यावर कोठे जातात, हे मला अद्याप कळलेले नाही.

आता तर काळ आणखी पालटला आहे. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेतील विद्यापीठे आपल्या क्रीडा-उत्पन्नाचा वाटा खेळाडूंना थेट देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी त्याची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर एवढी ठरली. लिफ्ट चालवून फी भरणाऱ्या ओवेन्सचा विचार केला की यात न्यायाचा अंश दिसतो. ज्याच्या घामावर क्रीडागार भरते त्याला चार पैसे मिळू नयेत, असे कोण म्हणेल? परंतु ज्या विद्यापीठात खेळाडू हा वेतनदार होतो, तेथे तो विद्यार्थी कितपत उरतो, ही १९६१ सालच्या त्या २८ प्राध्यापकांची शंकाही मनातून जात नाही. दोन्ही बाजूंना सत्य आहे. आणि अशाच प्रश्नांपाशी माणसाची परीक्षा होते.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण दूरचे नाही. गेल्या वर्षी आपल्याकडील पालकसभेत अशी सूचना आली होती की दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास बंद करून तो गणितास द्यावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांजवळ वतने नाहीत, जमिनी नाहीत; मुलांचे गुण हीच आपली इस्टेट. तेव्हा त्यांची काळजी मला समजते. तरीही मी त्या सूचनेच्या विरुद्ध मत दिले, आणि ते का, हे विद्यार्थ्यांना कळावे.

पहिले असे की, खेळाचा तास हा काही निवडक अकरा जणांचा नसतो. शाळेच्या संघात ज्याची कधीच निवड होणार नाही, जो धावताना सर्वांत मागे राहतो, त्याचाच तो तास अधिक असतो. दुसरे असे की, खेळाडूनेही वर्गाकडे पाठ फिरवू नये. चार सुवर्णपदके घरी असताना ओवेन्सला पदवीसाठी परत यावेसे वाटले, यातच सर्व आले. तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ते असे की मैदानावर जे दार उघडते ते वर्गात, वसतिगृहात आणि जेवणाच्या पंगतीतही उघडले पाहिजे. ज्याला आपण संघात घेतो पण घरात घेत नाही, त्याच्या विजयावर टाळ्या वाजविण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या शाळेत निरनिराळ्या जातींची, भाषांची, धर्मांची मुले एकाच मैदानावर खेळतात. खेळ संपल्यावर ती एकमेकांच्या घरी पाणी प्यावयास जातात की नाही, हे मी नेहमी पाहत आलो आहे. मला विचाराल तर शाळेचा खरा निकाल तोच.

ती सूचना त्या सभेत संमत झाली नाही; यंदाही ती पुन्हा येईल, पुढेही येत राहील. ते ठीकच आहे. शेतकी महाविद्यालयात लॅटिन शिकवावे की नाही यावर ओहायोत वाद झाला, संघ पाठवावा की नाही यावर झाला, आता वेतनावर चालू आहे. ज्या संस्थेत असे वाद होतात ती संस्था जागी आहे असे समजावे. मुलांनो, तुम्हीही उद्या पालक व्हाल, कोणी शिक्षक, कोणी संस्थेचे चालक व्हाल. तेव्हा मैदानाचा प्रश्न तुमच्यापुढे येईल त्या वेळी गुणपत्रिका जरूर पाहा. पण मत देण्यापूर्वी एकदा त्या चार्ल्स रायली मास्तरांचे स्मरण करा. शाळा भरण्यापूर्वी, एका चांभारकाम करणाऱ्या पोरासाठी, ते रोज सकाळी मैदानावर उभे राहत असत.